मानवी तस्करीची पहिली केस हातात आली तर काय करायचं: नवीन वकील आणि कार्यकर्त्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैमध्ये नवीन पोरं-पोरी कामाला येतात, कुणी नुकतीच सनद घेतलेली, कुणी टिस, निर्मला निकेतन नाहीतर पुण्याच्या कर्वेमधून एमएसडब्ल्यू करून आलेलं, आणि पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, "मॅडम, रेडला कधी जायचं?" मी सांगते की रेड दोन-तीन तासांची असते आणि केस चार-पाच वर्षांची. त्या चार-पाच वर्षांत काय करायचं हे कुणी नीट बसवून शिकवत नाही, मलाही कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. मी स्वतः ठाणे-रायगड-पालघर पट्ट्यात काम करते त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील.

आधी माझी चूक सांगते. माझ्या सुरुवातीच्या एका केसमध्ये मुलगी बघूनच कळत होतं की लहान आहे, ती म्हणत पण होती की मी नववीत होते. मी तिच्या गावच्या शाळेत फोन केला, ते म्हणाले दाखला पाठवतो, आणि मी वाट बघत बसले. तेवढ्यात मेडिकलमध्ये वय अठरा ते वीस आलं, तिला सज्ञान धरलं गेलं आणि "मी हिची मावशी" म्हणणाऱ्या एका बाईच्या ताब्यात ती गेली. दाखला आला बाराव्या दिवशी, त्यावर तिचं वय होतं साडेपंधरा. ती मुलगी मला परत कधीच सापडली नाही. एसटीत बसून स्वतः गेले असते तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखला हातात असता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते, माणसाशी हळू आणि कागदाशी घाई. नवीन माणसं नेमकं उलटं करतात, त्या मुलीला तासाभरात सगळं बोलायला लावतात आणि कागद "उद्या बघू" म्हणून ठेवतात.

पहिली पायरी: तुमच्यासमोर काय आहे ते ओळखा

तस्करी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर कामाठीपुरा नाहीतर बुधवार पेठ येते. पण २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात पोलिसांनी ११ मजूर सोडवले ते विहिरी खोदत होते, दिवसभर काम आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीने बांधून ठेवायचे. ती पण तस्करीच. वीटभट्टीवरचं कातकरी कुटुंब, कोळसाभट्टीवरचं पोरगं, मेंढ्यांमागे पाठवलेली आठ-दहा वर्षांची मुलं, घरकामाला आणून कोंडून ठेवलेली झारखंडची मुलगी, सिग्नलवर भीक मागायला लावलेलं बाळ, हे सगळं त्याच कायद्याखाली येऊ शकतं.

ओळखायचं कसं? भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे बीएनएसचं, कलम १४३ उघडा, जुनं आयपीसी ३७० तेच थोड्या फरकाने इथे आलंय. त्यात तीन गोष्टी बघायच्या. एक, कुणीतरी त्या माणसाला भरती केलं, नेलं, ठेवून घेतलं, दुसऱ्याकडे दिलं किंवा ताब्यात घेतलं का. दोन, ते कसं केलं, धमकी, जबरदस्ती, पळवून नेणं, फसवणूक, सत्तेचा गैरवापर, की पैशाचं आमिष. तीन, कशासाठी, म्हणजे शोषणासाठी का. तिन्ही जुळलं की तस्करी झाली. आणि त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती याला अर्थ नाही. हे वाक्य पाठच करा, कारण पोलीस स्टेशनपासून कोर्टापर्यंत प्रत्येक जण तुम्हाला ऐकवणार आहे की "ती स्वतःच्या पायाने आली होती".

शिक्षा कमीत कमी सात वर्षं, लहान मूल असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, एकापेक्षा जास्त मुलं असतील तर कमीत कमी चौदा. नवीन संहितेत भीक मागायला लावणं हे पण शोषणात घेतलंय, आधी ते शब्दात नव्हतं. पण एक खाच आहे, वेठबिगारी हा शब्द १४३ मध्ये सरळ लिहिलेला नाही, गुलामगिरी आणि गुलामगिरीसारख्या प्रथा असं लिहिलंय, आणि बचावाचा वकील तिथंच बोट ठेवतो. म्हणून मजुरांच्या केसमध्ये १४६ आणि १९७६ चा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा सोबत लावून घ्यायचाच.

बाकी कायदे तुम्हाला लवकरच तोंडपाठ होतील. देहविक्रीच्या केसला १९५६ चा पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, अठराच्या खालचं कुणी असेल तर पोक्सो आणि बाल न्याय कायदा, माणूस आदिवासी किंवा दलित असेल तर ॲट्रॉसिटी. आणि या सगळ्याच्या मुळाशी संविधानाचं कलम २३. तस्करीवर एकच सर्वसमावेशक कायदा करायचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत गेलंच नाही आणि २०१९ ला ते संपलं. त्यामुळे पाच-सहा कायदे एकत्र शिवून केस उभी करायची हेच आपलं काम.

दुसरी पायरी: माहिती मिळाली की स्वतः जायचं नाही

हे मी ओरडून सांगते. कुणी सांगितलं की अमुक लॉजमध्ये लहान मुलगी आहे तर तुम्ही "जरा खात्री करून येतो" म्हणून जाऊ नका. तिथल्या माणसांना संशय आला की अर्ध्या तासात मुलगी दुसरीकडे हलते, आणि तुमच्याही जिवाला धोका असतो.

काय करायचं तर जे कळलंय ते कागदावर घ्या. कुणी सांगितलं हे नाव उघड न करता, कधी सांगितलं, जागेचं वर्णन, जिना कुठून, दार किती, गाडी नंबर, मोबाइल नंबर, कुणाच्या यूपीआयवर पैसे जातात. तारीख-वेळ टाकून सही करा. मग जिल्ह्याच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाला लेखी द्या आणि पोच घ्या, मुंबईत गुन्हे शाखेकडे आणि समाजसेवा शाखेकडे जाता येतं, पुण्यात सामाजिक सुरक्षा विभाग आहे. लोकल पोलीस स्टेशनला सांगायचं की नाही हा निर्णय तुमच्या सीनियरला घेऊ द्या, काही ठिकाणी तिथलेच पीआय सगळ्यात चांगले असतात आणि काही ठिकाणी बातमी आधी फुटते.

जीव धोक्यात असेल, म्हणजे आत्ता मारहाण चालू आहे किंवा आत्ता गाडीत घालून नेतायत, तर सरळ ११२. मूल असेल तर १०९८. ट्रेनमध्ये संशय आला तर १३९. अशा वेळी लेखी अर्ज करत बसू नका.

तिसरी पायरी: रेडचा दिवस

पिटाखाली रेड कुणीही करू शकत नाही, कलम १३ खाली नेमलेला विशेष पोलीस अधिकारीच लागतो आणि तो इन्स्पेक्टरच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय की अशा गुन्ह्याचा तपास विशेष अधिकाऱ्यानेच करायचा, आणि आजही आरोपी या एका मुद्द्यावर सुटतात. म्हणून निघायच्या आधीच नम्रपणे विचारून घ्या, "साहेब, नेमणुकीचा आदेश सोबत आहे ना?" मग पंच. दोन प्रतिष्ठित पंच लागतात आणि त्यात एक तरी बाई हवी. सोबत दोन महिला पोलीस हव्यात. मुलींची विचारपूस महिला पोलिसाने करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला कार्यकर्तीच्या समोर. तुम्ही तिथे असता ते खरं तर याच कामासाठी.

नवीन कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १०५ ने, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग बंधनकारक झालंय. हे शूटिंग पोलीस करणार, तुम्ही नाही. तुमचा फोन खिशात. मी पाहिलेल्या एका रेडमध्ये एका उत्साही मुलाने मुलींचे फोटो काढून ग्रुपवर टाकले, तोंड झाकलेलं होतं पण ड्रेस आणि हातावरचं गोंदण दिसत होतं, गावात ओळखलं गेलं. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, बीएनएस ७२, पोक्सो २३, बाल न्याय ७४, तिन्हीकडे. पत्रकार बाहेर उभे असतील तर तुमचं काम आहे गाडीपर्यंत चादर धरायची.

रेडच्या वेळी डोळे कुठे ठेवायचे ते सांगते. बनावट ग्राहकाकडच्या नोटांचे नंबर आधी पंचनाम्यात लिहिले का आणि त्या कुणाकडे सापडल्या. भिंतीत, माळ्यावर, बाथरूमच्या मागे जागा आहे का, मुलींना तिथे कोंबतात, मी पाण्याच्या टाकीसारख्या दिसणाऱ्या जागेतून दोघी निघताना पाहिल्यात. वह्या, हिशोबाची चिठ्ठी, भिंतीवर पेन्सिलने मारलेल्या रेघा, क्यूआर कोड कुणाच्या नावाचा आहे. लॉज असेल तर रजिस्टर आणि आधारच्या झेरॉक्स. सीसीटीव्हीचा डीव्हीआर त्याच दिवशी जप्त व्हायला हवा कारण रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं. आणि मुलींचं सामान! कपडे, औषधं, लपवलेले पैसे, बाळ असेल तर बाळाचं दूध. घाईत सगळं तिथेच राहतं आणि मग ती मुलगी पुढचे चार दिवस तेवढ्याचाच विचार करत बसते, तुमच्याशी काय बोलणार.

मुलगी आणि घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, एकाच गाडीत बसवू नका, एकाच खोलीत नको, एकाच बाकावर नको. घरवालीने नुसतं बघितलं तरी जबाब बदलतो.

चौथी पायरी: पहिलं बोलणं

इथे हळू म्हणजे खरंच हळू. पहिल्या दिवशी तुम्हाला तिची कहाणी मिळवायची नाहीये. पाणी द्या, जेवण द्या, वॉशरूम कुठे आहे ते दाखवा, पॅड हवंय का विचारा, पुढे काय होणार ते सरळ शब्दांत सांगा, "तुला अटक झालेली नाही, आता दवाखान्यात नेतील, मग कोर्टात मॅडमसमोर नेतील, मी सोबत आहे". आणि सोबत आहे म्हटलं तर सोबत राहा, रात्री अकराला शिफ्ट संपली म्हणून निघून जाऊ नका.

ती खोटं बोलेल. नाव खोटं, वय एकवीस, गाव कोलकाता, आणि "मी कालच आले". हे तिला शिकवलेलं असतं, पोलिसांनी पकडलं तर हेच सांग नाहीतर तुलाच जेलमध्ये टाकतील. त्यामुळे पहिल्या दिवशी खोटं बोलली म्हणून चिडू नका आणि "खरं सांग" म्हणून मागे लागू नका. "तू का गेलीस" हा प्रश्न तर कधीच विचारायचा नाही, त्याऐवजी "तुला कामाबद्दल काय सांगितलं होतं" असं विचारा, उत्तर पण जास्त उपयोगाचं येतं.

भाषा येत नसेल तर दुभाषी आणा, पण सुटलेल्या मुलींपैकीच "जिला हिंदी छान येतं" तिला दुभाषी करू नका. बऱ्याच वेळा तीच घरवालीची खास माणूस असते. बांगला, नेपाळी, तेलुगू, कन्नड, ओडिया बोलणाऱ्या बायकांची यादी आधीच करून ठेवा, कॉलेजच्या शिक्षिका, नर्स, कुणाची तरी आई, लोक मदत करतात, फक्त त्यांना गोपनीयतेबद्दल बजावून सांगा.

तुम्ही स्वतः जे ऐकता त्याची नोंद ठेवा पण तिच्यासमोर वही उघडून नाही. आणि तिचे शब्द तसेच ठेवा. तिने "धंदा" म्हटलं तर धंदा, "काम" म्हटलं तर काम. तुमच्या अहवालात गुळगुळीत भाषा घातली की उलटतपासणीत वकील विचारतो हे शब्द हिचे का तुमचे.

पाचवी पायरी: एफआयआर आणि जबाब

एफआयआर कोणत्याही पोलीस स्टेशनला होते, हद्द आमची नाही हे कारण चालत नाही, झिरो एफआयआर आता बीएनएसएसच्या कलम १७३ मध्येच लिहिलेली आहे. नाही घेतली तर एसपींकडे लेखी, तरी नाही तर मॅजिस्ट्रेट. ज्या गावातून नेलं, ज्या स्टेशनवर हातबदल झाला आणि जिथे सापडली, या तिन्ही ठिकाणची साखळी फिर्यादीत यायला हवी. नाहीतर काय होतं, लॉजचा मॅनेजर आणि एक दलाल आरोपी होतात आणि गावातून आणणारी ती ओळखीची बाई पुढच्या महिन्यात दुसरी मुलगी घेऊन येते.

म्हणून पोलीस फक्त पिटाची कलमं ३, ४, ५ लावतायत असं दिसलं तर १४३ साठी आग्रह धरा, भांडून नाही, मुद्दे लिहून द्या. लहान मूल असेल तर पोक्सो, आणि विकणं-विकत घेणं असेल तर बीएनएस ९८ आणि ९९. सगळं जाणून जो गिऱ्हाईक बनला त्याच्यासाठी १४४ आहे, ते लावायला सगळे विसरतात.

मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब, ज्याला सगळे अजून १६४ चाच म्हणतात, तो आता बीएनएसएसच्या कलम १८३ खाली होतो. तो दुसऱ्याच दिवशी उरकायची घाई पोलिसांना असते. मुलगी घाबरलेली असेल, झोपलेली नसेल, दारू किंवा गोळ्या उतरत असतील तर अर्ज करून दोन-चार दिवस मागून घ्या. अख्ख्या प्रकरणात हा एकच कागद असा आहे जिथे मी घाई करू नका म्हणते.

सहावी पायरी: वय, आणि कुणासमोर उभं करायचं

वयाचा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही, आणि तस्करीतल्या आधारवरची जन्मतारीख बहुतेक वेळा बनवलेलीच असते. तेव्हा शाळेत माणूस पाठवा, फोनवर राहू नका, माझं वर सांगितलेलं आठवा.

अठराच्या खालचं वाटत असेल तर बालकल्याण समितीसमोर, २४ तासांत. मॅजिस्ट्रेटसमोर नाही. मुंबई हायकोर्टाने २००२ मध्ये प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर हे स्पष्ट केलंय, आणि त्याच निकालात अजून एक सोन्यासारखी गोष्ट आहे की जो वकील दलालासाठी किंवा घरवालीसाठी उभा आहे तो त्याच केसमध्ये सुटलेल्या मुलीसाठी उभा राहू शकत नाही. वकीलपत्र दोन्हीकडे एकाच ऑफिसचं आहे का हे तपासायची सवय लावा, सापडतं.

सज्ञान बाईचं वेगळं आहे आणि इथे मला जरा थांबून बोलायचंय. पिटाच्या कलम १७ खाली मॅजिस्ट्रेट चौकशी करून तिला एक ते तीन वर्षं संरक्षण गृहात ठेवू शकतात. पण मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन सज्ञान मुलींना सोडताना म्हटलं की सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येणार नाही, देहविक्री हा कायद्याने गुन्हा नाही. आणि १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुंटणखान्यावर धाड पडली तर स्वेच्छेने काम करणाऱ्या सज्ञान बायकांना अटक, दंड, छळ करायचा नाही, चालवणारा गुन्हेगार आहे. सांगलीच्या संग्राम संस्थेच्या आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका हे कितीतरी वर्षं सांगत आल्यात की तुम्ही आम्हाला "सोडवता" आणि आमची पोरं, आमची भिशी, आमचं घर मागे राहतं. नवीन होते तेव्हा मला हे ऐकून राग यायचा. आता वाटतं की त्यांचं ऐकल्याशिवाय कुणी या कामाला लागूच नये. तुमचं काम आहे की तिला एकटीला, दलाल-घरवाली कुणी जवळ नसताना, वेळ देऊन विचारणं, आणि ती जे सांगेल ते कोर्टासमोर मांडणं, मग ते तुमच्या मनासारखं नसलं तरी.

घरचे न्यायला आले तर कलम १७-अ आहे, ताबा द्यायच्या आधी आई-वडिलांची चौकशी करून घ्यायची. गावी जाऊन, शेजाऱ्यांशी, अंगणवाडी ताईंशी बोलून. विकणारा बापच आहे अशा केसेस मी पाहिल्यात. आणि "मावशी" कोण ते तर बघाच.

बांगलादेश किंवा नेपाळची मुलगी असेल तर तिच्यावर परदेशी नागरिक म्हणून गुन्हा टाकू नये असं गृह मंत्रालयाच्या १ मे २०१२ च्या सूचनेत आहे, त्याची प्रत बॅगेत ठेवा. नागरिकत्वाची पडताळणी होऊन परत जायला महिनोन् महिने लागतात, तोवर तिच्या घरी फोन लावून देणं एवढं एक काम जरी नियमित केलं तरी ती टिकते.

सातवी पायरी: मजुरांची केस असेल तर रस्ता वेगळा

पिटाच्या केसला वकील मिळतात, बातमी येते. वीटभट्टीवरच्या कुटुंबाला काहीच येत नाही, म्हणून यावर जास्त लिहिते.

इथे पोलिसांइतकेच महत्त्वाचे प्रांतसाहेब, म्हणजे उपविभागीय अधिकारी, आणि जिल्हाधिकारी. अर्ज त्यांना द्यायचा, कारण वेठबिगार आहे असं ठरवून मुक्ती प्रमाणपत्र तेच देतात. ते प्रमाणपत्र म्हणजे सगळं. ते नसेल तर सरकारच्या कागदावर ती माणसं "मजूर, गावी परतले" एवढीच राहतात. मुक्त झालेल्याला तातडीची मदत ३०,००० रुपये, आणि पुनर्वसनाचे पुरुषाला १ लाख, बाई आणि मुलांना २ लाख, लैंगिक शोषण-तस्करीसारख्या गंभीर प्रकारात ३ लाख. मोठी रक्कम केसच्या निकालाशी जोडलेली आहे त्यामुळे उशीर होतो, पण ३०,००० साठी लगेच मागे लागा.

चौकशीला तहसीलदार किंवा प्रांत भट्टीवर येतात तेव्हा मालक आणि मुकादम तिथेच उभे असतात आणि साहेब विचारतात, "काय रे, मारतो का मालक? पगार देतो ना?" पोरं मान खाली घालून "हो साहेब" म्हणतात आणि केस तिथेच संपते. म्हणून लेखी विनंती करा की जबाब मालकापासून लांब, तालुक्याच्या ठिकाणी किंवा निदान गाडीच्या पलीकडे, एकेकाचा घ्यावा. आणि प्रश्न असे विचारायला सांगा: उचल किती घेतली, कधी, कुणाच्या लग्नाला की आजारपणाला. किती फिटली असं मुकादम म्हणतो. हिशोबाची वही तुमच्याकडे आहे का. आठवड्याला खर्ची किती मिळते. बाजाराला सगळे एकदम जाता येतं का, की एक माणूस मागे ठेवावा लागतो. दुसऱ्या भट्टीवर गेलात तर काय होईल. शेवटच्या दोन प्रश्नांत सगळं बाहेर येतं, कारण मार खाल्ला नसला तरी फिरायला आणि दुसरं काम धरायला मोकळीक नसणं हीच वेठबिगारी.

"उचल घेतली होती, आता फेडायला नको का?" असं अधिकारी पण म्हणतात. १९७६ च्या कायद्याने ते कर्जच रद्द होतं, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, मजुरावर नाही. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या निकालात सुप्रीम कोर्टाने किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी मानली, आणि डिसेंबर १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात म्हटलं की सक्तीची मजुरी दिसली की मागे उचल आहे असंच गृहीत धरायचं. दोन्ही निकालांचा तो तेवढा भाग मराठीत करून अर्जाला जोडा, इंग्रजी पानं कुणी वाचत नाही.

कातकरी असतील तर ॲट्रॉसिटीचं ३(१)(ज) न विसरता, इंग्रजी प्रतीत तेच एच, वेठ आणि बंधक मजुरीसाठीच आहे ते. पण जातीचा दाखला बहुतेकांकडे नसतो, भट्टीवरून सुटल्या दिवसापासून त्याच्या मागे लागा, रेशन कार्ड पण त्याच फेरीत. सुटून गावी गेले आणि घरात दाणा नसेल तर पावसाळा संपता संपता तोच मुकादम उचल घेऊन दारात येतो. हे मी दोनदा पाहिलंय, त्याच कुटुंबाच्या बाबतीत.

परदेशातल्या नोकरीचं थोडक्यात

आता मराठी पोरं पण यात अडकतायत, डेटा एंट्रीची नोकरी म्हणून थायलंडला बोलवतात आणि म्यानमारच्या म्यावाडीत नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला बसवतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून परत आणलं. कुणी सल्ला विचारायला आलं तर तीन गोष्टी बघायला सांगा, एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, टुरिस्ट व्हिसावर नोकरीला पाठवतोय का, आणि फी ३०,००० रुपये अधिक जीएसटीपेक्षा जास्त मागतोय का. परत आलेल्याची केस असेल तर तो स्वतः आरोपी होऊ नये म्हणून चॅट, तिकीट, पासपोर्ट काढून घेतल्याचे मेसेज, एजंटला दिलेले पैसे, सगळं फोनमधून पुसायच्या आत जपा, आणि कोर्टात चालायला नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

आठवी पायरी: कोर्टाची वर्षं

चार्जशीट होते, आरोपीला जामीन मिळतो, मुलगी पश्चिम बंगालला गेलेली असते, आणि तीन वर्षांनी समन्स येतं. बहुतेक केसेस इथे पडतात, साक्षीदार येत नाही किंवा फितूर होते. आणि फितूर होण्यामागे धमकीच असते असं नाही, तिचं लग्न झालेलं असतं आणि सासरी माहीत नसतं.

म्हणून संपर्क तुटू देऊ नका, पण समन्स तिच्या घरी पोलीस युनिफॉर्ममध्ये घेऊन जाणार नाहीत हे बघा. तिच्या गावच्या संस्थेमार्फत निरोप. ती येऊ शकत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष घ्यावी असा अर्ज करा, तिच्या जिल्ह्याच्या कोर्टातून बोलता येतं. मूल असेल तर पोक्सोत साक्ष ३० दिवसांत घ्यायची तरतूद आहे, ते दर तारखेला नम्रपणे आठवण करून द्या. सरकारी वकिलांना साक्षीच्या आदल्या दिवशी भेटा, त्यांच्याकडे फाइलींचे गठ्ठे असतात, तुम्ही दोन पानांत तारखांचा क्रम लिहून दिला तर ते खरंच वापरतात.

आणि पैशाचा माग. बीएनएसएस १०७ मध्ये गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त करायची सोय आहे, पिटाच्या कलम १८ मध्ये जागा बंद करायची. मालकाची खोली सील झाली तर त्याला जे दुखतं ते त्याच्या मॅनेजरच्या शिक्षेने दुखत नाही.

नुकसानभरपाईसाठी निकालाची वाट बघू नका. बीएनएसएस ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केसच्या निकालाआधीच, अंतरिम मदतीसकट करता येतो. तस्करीच्या पीडित व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, विधी सेवा कायद्याचं कलम १२(ब), हेल्पलाइन १५१००. बँक खातं मात्र तिच्या एकटीच्या नावावर, जॉइंट नको.

तुमच्याबद्दल

स्वतःचा नंबर आरोपीच्या नातेवाइकांना देऊ नका, संस्थेचा द्या. मुलीला "मी तुझी मोठी बहीण" असं म्हणू नका, कारण तुम्ही नोकरी बदलणार आहात आणि ती पुन्हा एकटी पडणार आहे. रात्री झोप लागेना, जेवताना एखादीचा जबाब आठवतोय असं व्हायला लागलं तर सीनियरला सांगा, समुपदेशकाकडे जा. मी तीन वर्षं सांगितलं नाही आणि मग सहा महिने काम सोडून घरी बसावं लागलं.

सुरुवात कशी करायची तर येत्या आठवड्यात तीन ठिकाणी जा. बालकल्याण समितीची बैठक कोणत्या वारी असते ते विचारून नुसतं बाहेर बसून या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन पॅनेलवरच्या महिला वकिलांची यादी घ्या. आणि प्रांत ऑफिसला जाऊन विचारा की वेठबिगारीसाठीच्या उपविभागीय दक्षता समितीची शेवटची मीटिंग कधी झाली, कायद्याने ती समिती असायलाच हवी, उत्तर लेखी मागा. ते उत्तर आलं की मला दाखवा, पुढचा अर्ज मी सोबत बसून लिहून देते.